धम्माच्या गाडीची जागा

काळाचौकी, मुंबई
१२ जानेवारी २०२५

दादा,

जय भीम. तू बरा असशील असं धरून चालते, नसलास तर लिहून कळव. तुझे कान गेल्यापासून फोनवर मी ओरडते आणि तू म्हणतोस नेटवर्क नाही. नेटवर्क असतं. म्हणून हे पत्र. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लागलं नाही तर दोनदा वाच. तिकडे गावात तुला दुसरं काम काय आहे?

बातमी अशी की आपली बस जाणार. आपली म्हणजे निवृत्त व्हायच्या आधी नऊ वर्षं तू ह्याच गल्लीतून चालवलीस ती. गेल्या मंगळवारी डेपोचा एक साहेब चाळीखाली येऊन उभा राहिला. म्हणाला, गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लागतात, सकाळची प्रत्येक फेरी वीस-वीस मिनिटं अडकते आणि मग दिवसभराच्या फेऱ्या कोलमडतात. हे असंच चाललं तर बस मेन रोडने नेणार. मी विचारलं, "आणि आम्ही मेन रोडपर्यंत कसं यायचं, उडत?" तो म्हणाला, "ताई, चालत." म्हटलं, हे माझ्या गुडघ्यांना सांग. सात पन्नासची बस गेली तर माटुंग्याच्या म्हातारा-म्हातारीच्या चपात्या कोण लाटणार? माझं सोड, बाजूच्या खोलीतल्या शांताकाकू आठवड्यातून तीनदा ह्याच बसने डायलिसिसला जातात. काठी टेकत मेन रोडपर्यंत निघाल्या तर वाटेतच आडव्या होतील.

गाड्यांनी नुसता उच्छाद मांडलाय रे. वर खोली दहा बाय बारा आणि खाली गाडी त्याहून लांब. बाबुरावची टॅक्सी तर दोन वर्षं हललेली नाही, तिच्याखाली मांजर दोनदा व्याली. बोलायला गेलं की म्हणतो, "रस्ता काय तुझ्या बापाचा?" मी म्हटलं, बापाचा नाही, भावाचा होता, नऊ वर्षं.

माझा लेक धम्मपाल मजेत आहे. हे गेले त्याला तीन वर्षं झाली, आणि धम्माने खारघरला घर घेतलं त्यालाही आता दीड वर्ष होईल. त्याचं येणं कमी झालंय, पण त्यात त्याचा काय दोष, इकडे गाडी लावायला जागा मिळत नाही. दोनदा आला आणि खालूनच फिरून गेला. म्हणून मी त्याची जागा धरून ठेवलीय. पिठाच्या गिरणीवाल्या कुशाबाने रंगाच्या दोन रिकाम्या डब्यांत सिमेंट ओतून दिलं, मधे दोरी बांधलीय. स्टॉपच्या जरा पुढे. कामावर जाताना बघते, आल्यावर बघते. आठ महिने झाले, तिथे सायकल लावायची कुणाची टाप नाही.

बसचं काय करायचं ते सांग. तू ड्रायव्हर होतास.

शैला


मु. पो. मंडणगड
२० जानेवारी २०२५

शैला बाय,

जय भीम. पत्र मिळालं. पोस्टमनने हातात दिलं तेव्हा आधी वाटलं पेन्शनचं काहीतरी आहे. अक्षर लागलं, तरी दोनदा वाचलं.

साहेब म्हणाला ते खरं आहे, त्याच्यावर चिडू नको. एक बस अडकली की मागची तिला येऊन मिळते. मग स्टॉपवर अर्धा तास काहीच नाही आणि नंतर दोन एकदम. लोक शिव्या ड्रायव्हरला देतात. मी खाल्ल्यात.

चाळ कमिटीला भेट. सगळी गल्ली रिकामी करा म्हणालीस तर कुणी ऐकणार नाही. सकाळी सात ते दहा, एकच बाजू, एवढंच माग. तेवढं मिळालं तर बस वेळेवर जाईल.

एक विचारतो. स्टॉपच्या खांबापासून पुढे तुझे ते डबे किती पावलांवर आहेत? मोजून लिही.

मी ठीक. फणसाला कोवळी फळं धरलीत. एकट्याने किती खाणार.

रामदास


काळाचौकी
२८ जानेवारी २०२५

दादा,

कमिटीत गेले. बायकांना घेऊन गेले, नुसत्या पुरुषांत बसून काही होत नाही. तू सांगितलंस तेच मागितलं, सात ते दहा, एकच बाजू. आधी सगळे फिस्कटले. एक म्हणाला, "माझी गाडी रात्रपाळीहून येते, ती काय डोक्यावर ठेवू?" मी म्हटलं, "ठेव, तिथे तशीही जागा रिकामी आहे." हसले सगळे, मग जरा नरम झाले. शांताकाकूंना मी मुद्दाम पुढच्या खुर्चीत बसवलं होतं. त्यांनी हाताची पट्टी दाखवली, डायलिसिसची.

ठरलं असं की डेपोवाल्यांना बोलवायचं. एक आठवडाभर त्यांचा माणूस स्टॉपवर उभा राहून सकाळच्या फेऱ्या मोजेल. वेळेवर गेल्या तर बस राहील, नाहीतर मेन रोड. मोजणी मार्चमध्ये.

पावलं अकरा. माझी पावलं, म्हणजे दुखऱ्या गुडघ्याची, छोटी. कशाला पाहिजे तुला?

धम्मा परवा येणार होता, नाही जमलं. सूनबाईच्या, प्रितीच्या आईकडे काहीतरी होतं. मी मटण आणलं होतं, ते शांताकाकूंना चालत नाही, कुशाबाला दिलं.

शैला


मंडणगड
५ फेब्रुवारी २०२५

शैला बाय,

कमिटीचं वाचून बरं वाटलं. तू आमच्या डेपोत इन्स्पेक्टर व्हायला हवी होतीस.

आता पावलांचं. रागावू नको. बस स्टॉपला टेकली, म्हणजे अगदी फुटपाथच्या कडेला लागली, तर शांताकाकूंसारखं माणूस एका पायरीत चढतं. पण टेकायचं तर बाहेर पडायलाही जागा लागते. बसचं तोंड एकदम उजवीकडे काढता येत नाही. समोर निदान एक बसभर मोकळं हवं. तुझी अकरा पावलं म्हणजे त्याच्या निम्मंही नाही. पुढे काही उभं असेल तर शहाणा ड्रायव्हर टेकतच नाही, रस्त्याच्या मधोमध थांबतो. त्याच्या मागे सगळी गल्ली थांबते, आणि म्हातारी माणसं गाड्यांच्या फटीतून वाट काढत येतात. मी असाच थांबायचो. तुझ्या गल्लीत बस अडते त्याची दहा कारणं असतील, त्यातलं पहिलं तुझे दोन डबे.

आणि एक. धम्माला जागा नाही म्हणून तो येत नाही, असं तू लिहितेस. दादरपर्यंत बस आहे, दादरहून तुझ्या दारात बस आहे. तो बसने का येत नाही?

रामदास


काळाचौकी
१३ फेब्रुवारी २०२५

रामदास,

तू माझा भाऊ आहेस की डेपोचा वकील? अख्ख्या गल्लीत साठ गाड्या आहेत आणि तुला माझे दोनच डबे दिसले. तेही मंडणगडात बसून.

माझा मुलगा बसने यायला काय रिकामटेकडा आहे? त्याला एक रविवार मिळतो. तुला पोरबाळ नाही, तुला काय कळणार. वहिनी गेली तेव्हा म्हटलं होतं, इकडे ये, माझ्या खोलीत राहा. तेव्हा नको होतं. आता तिकडून अक्कल पाठवू नको.

शैला


मंडणगड
२४ फेब्रुवारी २०२५

शैला बाय,

लिहायला नको होतं ते लिहिलं. डबे ठेव. गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांध, इकडे कुंपणाला भरपूर आहे, येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवतो.

रामदास


मंडणगड
१२ मार्च २०२५

बाय,

पत्र नाही. पोस्टमन मला बघून लांबूनच हात हलवतो, म्हणजे नाही. मोजणी झाली का? एवढंच कळव, बाकी काही लिहू नको हवं तर.

रामदास


काळाचौकी
२३ मार्च २०२५

दादा,

पाला मिळाला. बरं वाटलं, पण ते सांगायला हे लिहीत नाही.

मोजणी झाली. दहा तारखेच्या सोमवारपासून पंधराच्या शनिवारपर्यंत. तू लिहिलं होतंस ते मी विसरले नव्हते, चिडले तरी. रविवारीच डबे उचलून जिन्याखाली ठेवले. कुशाबाने हात लावला, सिमेंट भरलेले आहेत, माझ्या एकटीच्याने होत नव्हते. मीच म्हटलं, "आठवडाभराचाच प्रश्न आहे."

सोमवारी सकाळी गल्ली बघायला हवी होतीस. बाबुरावची टॅक्सी सहा जणांनी ढकलत नेली, मागून पोरं 'गणपती बाप्पा' ओरडत होती. सात ते दहा एक बाजू साफ. बस आली ती सरळ फुटपाथला टेकली, तू म्हणतोस तशी. शांताकाकू काठी काखेत मारून चढल्या, आणि मागे वळून माझ्याकडे बघून हसल्या. बाईला मी कधी हसताना पाहिलं नव्हतं. डेपोचा माणूस पुठ्ठ्यावर कागद लावून उभा होता, घड्याळ बघून टिक करत होता. पाच दिवस टिकच टिक. शुक्रवारी मला म्हणाला, "ताई, उद्याचा दिवस काढा, मग मी चांगलंच लिहितो."

शुक्रवारी संध्याकाळी धम्माचा फोन आला. "आई, उद्या सुट्टी आहे, सकाळीच येतो. प्रिती नाही, मी एकटाच. जागा आहे ना?"

दादा, मी त्याला सांगू शकत होते. उद्या नको, रविवारी ये. किंवा दहानंतर ये. किंवा बसने ये. सगळं तोंडापर्यंत आलं होतं. म्हटलं, "आहे."

दहा महिन्यांत पहिल्यांदा त्याने विचारलं होतं, जागा आहे का. नाही कसं म्हणू?

माटुंग्याला सुट्टी कळवली. शनिवारी साडेसहाला खाली जाऊन त्या जागेवर स्वतःच उभी राहिले, डबे काढायला कुशाबाला हाक मारायची लाज वाटली. सात पंचवीसला धम्मा आला. काय सफाईने गाडी लावली, एका झटक्यात. उतरून म्हणाला, "वा आई, आज तर गल्ली मोकळीच आहे की!" त्याचा हात धरून वर नेला.

सात पन्नासची बस वेळेवर आली. शनिवार, शांताकाकूंचा दिवस. त्या कडेला काठी घेऊन उभ्या, म्हणून ड्रायव्हरने पुढची गाडी दिसत असूनही बस टेकवली. त्यांना चढवलं आणि अडकला. समोर धम्माची गाडी, मागे टेम्पो चिकटलेला, पलीकडे कचऱ्याची गाडी डबे उचलत उभी. तोंड काढायला जागाच नाही.

हॉर्न सुरू झाले. मी वर चहा ठेवला होता. धम्मा खाटेवर बसून भिंतीवरचे फोटो बघत होता, बाबासाहेबांचा, बुद्धाचा, ह्यांचा. म्हणाला, "बाबांच्या फोटोची काच बदलायला पाहिजे." मी म्हटलं, बदलू. खाली हॉर्न. मी ऐकलं नाही असं दाखवलं, दादा. गॅस बारीक केला म्हणजे चहा जास्त वेळ चालेल. काकू त्या बसमध्ये बसलेल्या आहेत, त्यांची मशीनची वेळ ठरलेली आहे, हे मला माहीत होतं. तरी मी त्याला विचारत होते, साखर किती घालू. पोटच्या पोराला किती साखर लागते ते मला माहीत नाही होय?

मग खालून ओरडा. "कुणाची गाडी? ए, कुणाची आहे?" कुणालाच माहीत नव्हती, नवीन गाडी. एका कुशाबाला माहीत होतं. तो गिरणीच्या दारात उभा राहिला, वर माझ्या गॅलरीकडे बघितलं. मला वाटतं तो मला वेळ देत होता. शेवटी ओरडला, "शैलाबाई!"

मी म्हटलं, "धम्मा, गाडी काढ."

"अगं आत्ता तर आलो."

"काढ. बस अडलीय."

"पाच मिनिटं थांबतील गं ते, चहा तरी..."

"काढ म्हणते ना!" एवढ्या जोरात ओरडले की तो घाबरूनच उठला. चपला घालता घालता खाली. त्याने गाडी काढली, बस गेली. चौदा मिनिटं. त्या माणसाने टिक केलं नाही, काहीतरी लांबलचक लिहिलं. बाबुराव स्टॉपवर टाळ्या वाजवत होता. "वा शैलाबाई, सगळ्यांच्या गाड्या हलवल्या आणि लेकाची लावली!" खरंच होतं.

चहा गाळून ठेवला. वीस मिनिटांनी धम्माचा फोन. "आई, कुठेच जागा नाही गं. दोन राउंड मारले. आता पूल उतरलोच आहे, तर निघतो. पुढच्या वेळी बघू."

दोन्ही कप मी प्यायले.

शैला


मंडणगड
१ एप्रिल २०२५

शैला बाय,

पत्र मिळाल्यावर लगेच बसलो होतो, पण काय लिहावं कळेना, म्हणून दोन दिवस गेले.

तू केलंस ते चुकलं असं मी म्हणणार नाही. ते तुला माझ्याआधी कळलं.

मी माझं सांगतो. नऊ वर्षं मी तुझ्या दारात बस थांबवली. तू गॅलरीतून हाक मारायचीस, "दादा, चहा!" मी हात दाखवायचो, वेळ नाही. तू माटुंग्यात आणि बायकांत सांगायचीस, माझ्या भावाला श्वास घ्यायला वेळ नसतो. बाय, शेवटच्या स्टॉपवर मला प्रत्येक फेरीला पंधरा मिनिटं मिळायची. तिथून तुझी चाळ चालत तीन मिनिटं. मी स्टार्टरच्या, म्हणजे फेऱ्या सोडणाऱ्या माणसाच्या केबिनमध्ये बसून पेपर वाचायचो. आलो असतो तर तुझ्या नवऱ्याचं आजारपण, पाण्याचं, खोलीचं, सगळं ऐकावं लागलं असतं. ते नको वाटायचं. तुझा राग नव्हता, जीवही होता तुझ्यावर. तरी नाही आलो.

धम्मा तसाच असेल असं नाही. पण जागा होती तरी मी आलो नाही, एवढं तुला माहीत असू दे.

वाट बघत बसू नको. तुला बघावंसं वाटतं ना त्याला? मग तू जा.

रामदास


काळाचौकी
२२ एप्रिल २०२५

दादा,

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या. केबिनमध्ये पेपर वाचत होतास होय? बरं. आता लिहिलंस, झालं.

बस राहिली. सहा महिने, गल्ली मोकळी ठेवायच्या बोलीवर. त्या माणसाने काय लिहिलं देव जाणे, पण पाच दिवसांचे टिक कामाला आले. शांताकाकू त्या दिवशी अर्धा तास उशिरा पोचल्या, तरी त्यांना घेतलं. मी माफी मागायला गेले तर म्हणाल्या, "माझा असता तर मीही लावली असती गाडी." बाईला मूल नाही. मी त्यांची भांडी घासून आले. स्टॉपच्या पुढची कड पिवळी रंगवलीय. डबे मी भंगारवाल्याला दिले, सिमेंटसकट, तो कुरकुर करत घेऊन गेला. रोज सातला मीच खाली उभी राहते. कुणी गाडी लावायला लागला की काच वाजवते. मला आता लोक घाबरतात, आधीपेक्षा जास्त.

जयंतीला धम्मा आला नाही. म्हणाला, त्या दिवशी तर रस्तेच बंद असतात.

म्हणून परवा रविवारी मी गेले. फोन केला नाही. फोन केला असता तर तो म्हणाला असता, मी घ्यायला येतो, आणि मग मी त्याची वाट बघत बसले असते. दारातून बस पकडली, दादरला बदलली, खारघरला उतरून रिक्षा केली. साडेतीनला पोचले. गेटवरचा वॉचमन म्हणतो, "मावशी, गाडी नंबर?" म्हटलं, गाडी नाही. "मग आलात कशा?" म्हटलं, "पायाने, बसने, तुझं काय जातं?" वर घरी बेल वाजवून बघितली त्याने, कुणी नाही. दोघं बाहेर गेली होती. म्हणाला, साहेबांना फोन लावू का? नको म्हटलं.

तिथे गाड्यांच्या जागा बघितल्यास का तू कधी? पांढऱ्या रेघा मारून, आकडे घालून, मोठमोठ्या. पाहुण्यांसाठी तर वेगळ्या दहा आहेत, दहाही रिकाम्या. माझी खोली त्यातल्या दोनांत मावेल. मी वॉचमनला विचारलं, धम्माच्या घराची, सातशे दोनची कुठली? त्याने दाखवली. कोपऱ्यात, रिकामी. तेवढ्यात एक बाई गाडी घेऊन आली आणि त्या जागेत तोंड घालायला लागली. मी आडवी गेले. म्हटलं, ही सातशे दोनची आहे. ती म्हणाली, "पाचच मिनिटं, आंटी." म्हटलं, एक मिनिटसुद्धा नाही. ती गेली. मग वॉचमनकडून खुर्ची मागून घेतली आणि तिथेच, रेघांच्या मधे, बसले. दोन तास बसले. लोक बघून जात होते. एका बाईने विचारलं, आजी, हरवलात का? आजी म्हणाली मला, बावन्न वर्षांच्या बाईला.

सहाच्या सुमाराला धम्माची गाडी आली. पुढे तो, बाजूला प्रिती. संध्याकाळचं ऊन त्याच्या तोंडावर होतं, त्याला समोरचं नीट दिसत नसणार. त्याने हॉर्न वाजवला. एकदा, मग पुन्हा, जरा जोरात.

मी उठले. खुर्ची बाजूला घेतली, भिंतीला चिकटून उभी राहिले, आणि हात दाखवत त्याला आत घेतलं, चाळीखाली सगळ्यांना घेते तसं. सरळ घे, सरळ, अजून थोडी. गाडी बरोबर रेघांच्या मधे लागली. इंजिन बंद झालं. मग त्याने काच खाली केली.

शैला